शेपूट वाकली, आता पंख कशानं मढवू?

या आठवड्याचं पत्र पुण्यातल्या धायरीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"काका, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिने खपून बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रेडिओवर उडणारं ट्रेनर (शिकाऊ) विमान बांधलं. पंख वर बसणारा, १२०० मिलिमीटर लांब, २०० रुंद. मोटर बॅटरीवरची. लाकूड, मोटर, सर्व्हो (शेपटीचे पल्ले हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रेडिओ यांतच साठवलेले पैसे संपले. मढवायला इस्त्रीनं चिकटून आकसणाऱ्या परदेशी फिल्मचे दोन रोल लागतील आणि ते मला परवडत नाहीत. मामा म्हणतो, पतंगाचा कागद लाव. मैत्रीण म्हणते, गिफ्टचा जिलेटिन पेपर. मी स्टेशनरीच्या दुकानातून लॅमिनेशनचे पाऊच आणून शेपटीवर इस्त्रीनं चिकटवले, तर सकाळपर्यंत शेपूट पापडासारखी वाकली. पंखाला हात लावायची आता भीती वाटते. दिवाळीच्या सुट्टीत उडवायचं आहे. काय वापरू?"

पोरी, आधी शेपटीचं बघू, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. तुझी कल्पना चुकीची नव्हती, फक्त प्लास्टिक फार जाड निघालं. दुकानात मिळणारे पाऊच बहुधा १२५ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतके जाड असतात. आकसणारी फिल्म जितकी जाड, तितकी तिची ओढ जास्त. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या पट्ट्यांनी बनलेला तुझा शेपटीचा सांगाडा ती ओढ कसा सोसणार? त्यात तू एक बाजू पूर्ण तापवून मग दुसरी घेतली असणार. पहिल्या बाजूनं लाकूड ओढून घेतलं आणि दुसरी बाजू लागेपर्यंत वाक बसलाही होता.

वाकणं तरी डोळ्यांना दिसलं. वजन दिसत नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. आडवी आणि उभी शेपटी मिळून, दोन्ही बाजू धरून, तुझ्या मापाच्या विमानात साधारण १२५० चौरस सेंटिमीटर प्लास्टिक लागतं. पाऊचचं प्लास्टिक चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे नुसत्या शेपटीवर १७ ग्रॅम चढले. पातळ फिल्म असती तर चार-पाच ग्रॅमवर भागलं असतं. वरचे १२ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण तोल साधण्याच्या जागेपासून शेपूट नाकाच्या साधारण तिप्पट लांब असते. त्या १२ ग्रॅमांसाठी नाकात पस्तीसेक ग्रॅम शिसं भरावं लागेल. आणि ते शिसं प्रत्येक उड्डाणात तुझ्याच बॅटरीनं वाहायचं.

म्हणून कुठलंही मढवायचं सामान हातात आलं की आधी त्याचं वजन कर. त्याचा ५० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा काप. तो चौरस मीटरचा दहावा भाग होतो. खिशात मावणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवून जो आकडा येईल त्याला दहानं गुण, की चौरस मीटरचं वजन मिळालं. तुझ्या अख्ख्या विमानाला, पंख, शेपटी आणि धड धरून, सरळ ०.८ चौरस मीटर धर. परदेशी रंगीत फिल्म चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅम असते, म्हणजे विमानावर पन्नासेक ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेव. स्वस्त पर्याय याच्या खाली बसला तर तो पैशानंही हलका आणि वजनानंही.

आता उत्तर. पंख आणि धड यांना लॅमिनेशनचीच फिल्म वापर, पण पाऊच नको, रोलवरची पातळ फिल्म घे, ३८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नारायण आणि सदाशिव पेठेत छपाईची आणि लॅमिनेशनची कामं करणारी दुकानं आहेत. तिथे जाऊन "रोलचा उरलेला शेवट मिळेल का" असं विचार. रोल संपत आला की शेवटचे काही मीटर मोठ्या कामाला पुरत नाहीत, आणि तुला तेवढेच हवे आहेत. रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीवर बहुतेक वेळा मायक्रॉन लिहिलेले असतात, ते बघून घे. चकचकीत फिल्म माग, मॅट नको.

एक गोष्ट दुकानात विचारून कळेलच असं नाही. अशी फिल्म दोन जातींची असते. दोन्हींच्या एका अंगाला उष्णतेनं वितळणारा तोच डिंक असतो, पण पाठीचं प्लास्टिक वेगळं. एकात पॉलिएस्टर, दुसऱ्यात पॉलिप्रॉपिलीन. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर बहुधा दुसरी जात असते. ओळखायला स्वयंपाकघरातलं पातेलं पुरतं. नखाएवढा तुकडा पाण्यात बुडव, बोटानं चोळून त्याला चिकटलेले बुडबुडे काढ आणि सोडून दे. तळाला गेला तर पॉलिएस्टर, वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असतं, पॉलिएस्टर बरंच जड, आणि डिंकाचा थर धरूनही हा फरक टिकतो.

फरक जाणून घ्यायचा कारण पॉलिएस्टर ताठ असतं आणि उष्णता जास्त सोसतं. पंखाला ते हवं. ३८ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म चौरस मीटरला चाळीसेक ग्रॅम भरते, म्हणजे विमानभर ३२-३३ ग्रॅम. महागड्या रोलहून दीडपट हलकी! पॉलिप्रॉपिलीनवाली २५-२७ मायक्रॉनची मिळाली तर ती चौरस मीटरला पंचवीसेक ग्रॅमच, पण जरा लुळी आणि १६० अंशांच्या पुढे वितळून भोक पडणारी. तिची ओढ सौम्य असते, म्हणून शेपटीला तीच लाव.

लॅमिनेशनच्या प्लास्टिकचं विमान म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनाला लावून घेऊ नकोस. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन यानं पायडल मारत इंग्लिश खाडी ओलांडली ते गॉसमर अल्बाट्रॉस विमान मायलरनं मढवलेलं होतं. मायलर म्हणजे ही पॉलिएस्टर फिल्मच.

तिच्या मर्यादाही सांगतो. महागड्या फिल्मइतकी ती आकसत नाही. तिथे लावताना राहिलेल्या चुण्या उष्णतेनं निघून जातात, इथे सगळ्या जाणार नाहीत. म्हणून लावतानाच हातानं नीट ताणून घ्यावी लागते. दुसरं म्हणजे फिल्म पंखाला पीळ सोसण्याची ताकद फारशी देत नाही. मढवण्याआधी पंखाचं मूळ एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धर आणि हलकेच पिळून बघ. सहज पिळला गेला तर फासळ्यांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) मधे तिरप्या पट्ट्या घाल, तीन मिलिमीटर बाल्साच्या, एका आड एक उलट दिशेनं. एका संध्याकाळचं काम आहे. वजन दोन-तीन ग्रॅम वाढेल, पण वेगात खाली येताना पंख फडफडणार नाही.

मढवताना निम्म्या चुका सांगाड्यातच दडलेल्या असतात. ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सगळा सांगाडा घास, डिंकाचे फुगे, टाचणीची भोकं, फासळ्यांची उंच-सखल टोकं सगळं सपाट होऊ दे. मग मऊ ब्रशनं आणि जेमतेम ओलसर फडक्यानं भुकटी काढ. बाल्साची भुकटी राहिली तर डिंक भुकटीला चिकटतो आणि पंख कोरडाच राहतो.

घरातली इस्त्री चालेल. पाणी काढून टाक, वाफ बंद. तळाला जुन्या सुती बनियनचं कापड घट्ट बांध, म्हणजे चरे पडणार नाहीत आणि डिंक इस्त्रीला लागून आईच्या साडीपर्यंत जाणार नाही. इस्त्रीवरचे ठिपके वाचायला शीक. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. चिकटवायला एक ठिपका. ताणायला पॉलिएस्टरला दोनपर्यंत जा, पॉलिप्रॉपिलीनला दोनच्या बरंच अलीकडे थांब, कारण घरच्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट चालू-बंद होताना तापमान वर-खाली होतं. तीन ठिपक्यांना हातच लावू नकोस. डिंकाची बाजू कुठली हे कळत नसेल तर एक कोपरा दुमडून कागदाखाली इस्त्री फिरव. जी बाजू स्वतःला चिकटली ती डिंकाची.

पंखाची खालची बाजू आधी. चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर जास्त राहील असा तुकडा काप. मुळाशी मधोमध चिकटव, टोकाकडे ताणून तिथे चिकटव, मग मागची कड, मग पुढची. प्रत्येक ठिकाणी आधी मधोमध आणि तिथून दोन्हीकडे. चुणी दिसली तर तिथेच डिंक पुन्हा गरम करून उचल आणि ताण. मग जादा फिल्म नव्या ब्लेडनं काप. जुन्या ब्लेडनं ती फाटते. वरची बाजू लावताना तिची कड पुढून खाली वळवून पाच-सहा मिलिमीटर खालच्या फिल्मवर घे, म्हणजे जोड खाली राहतो आणि समोरून येणारा वारा त्याला उचकटत नाही. फासळ्यांच्या मधल्या प्रत्येक खणाला खालून टाचणीचं एक भोक पाड. दोन्ही बाजू बंद झाल्या की आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि फिल्म पुरीसारखी वर येते.

ताणताना खूप धीर धर. वर थोडं, खाली थोडं, मग पुन्हा वर. प्रत्येक फेरीनंतर पंख स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून बघ. ग्रॅनाइटच्या ओट्याइतकी सपाट जागा घरात दुसरी नसते. मागच्या बाजूनं डोळा लावून पाहा, दोन्ही अंगांची मागची कड सारखी दिसली पाहिजे. पीळ आला असेल तर दोन्ही हातांनी उलट दिशेनं थोडा जास्त पीळ दे, तसाच धरून ठेव, मैत्रिणीला दोन्ही बाजूंवरून इस्त्री फिरवायला सांग आणि गार होईपर्यंत सोडू नकोस. फिल्म ताणून टणटण वाजली पाहिजे असा हट्ट धरू नकोस. तबल्याला तो शोभतो, बाल्साच्या पंखाला चुण्या गेल्या की पुरे.

हे सगळं थेट पंखावर करू नकोस. भंगार बाल्साची १५ सेंटिमीटरची चौकट कर, मधे एक आडवी पट्टी घाल, तिच्यावर फिल्म लाव आणि पूर्ण तापव. चौकट किती वाकते, चुण्या किती जातात, कुठल्या ठिपक्याला भोक पडतं, सगळं तिथेच कळेल. माझ्या तरुणपणी मी ही चौकट केली नव्हती. खोक्यांवर गुंडाळतात ते आकसणारं पारदर्शक प्लास्टिक आणून थेट पंखावर लावलं आणि हेअर ड्रायर फिरवला. ते इतकं आकसलं की मागच्या कडा फासळ्यांच्या मधे आत ओढल्या गेल्या आणि दोन फासळ्या मोडल्या. तीन महिन्यांचं काम होतं. अजून आठवलं की वाईट वाटतं. म्हणून ते प्लास्टिक तुझ्या यादीत मुळीच नको.

मामाचा पतंगाचा कागदही चांगला आहे, फक्त आत्ता पावसाळ्यात नको. कागदानं पंखाला येणारा ताठपणा फिल्मनं येत नाही. आकाशकंदिलाला वापरतात तोच पतंगी कागद. तो विरळ केलेल्या फेविकॉलनं कडांना चिकटवायचा, वाळला की पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि वाळताना तो आपोआप ताणला जातो. कागदाचा ताव एका दिशेनं सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. सरळ फाटण्याची दिशा पंखाच्या लांबीला लावायची. रंग पाण्यात उतरतो का तेही एका कोपऱ्यावर बघून घ्यायचं. मग त्याच्यावर डोप, म्हणजे कागद आवळून त्याची छिद्रं बुजवणारं नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. परदेशी डोप आणायची गरज नाही. लाकडाच्या पॉलिशसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी क्लिअर लॅकर त्याच नायट्रोसेल्युलोजचं असतं. निम्म्यास निम्मं एनसी थिनर घालायचं आणि वाटीभर मिश्रणाला एरंडेलाचे चार-पाच थेंब, म्हणजे वाळलेला थर ठिसूळ होत नाही आणि फार आवळतही नाही. दोन-तीन पातळ हात.

पण पावसाळ्यात डोप पांढरा पडतो. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि कागदावर दुधी धुकं उतरतं. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन पडल्याशिवाय हे काम हातात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय पावसामुळे खिडक्या बंद असतात आणि थिनरची वाफ घरात कोंडते. ती पेट घेते. गॅलरीत, मोकळ्या हवेत, देवघरातली निरांजन शांत झाल्यावर आणि गॅस बंद असतानाच डबा उघडायचा. यात सवलत नाही. पुढचं विमान हिवाळ्यात बांधशील तेव्हा कागदाचं कर. संक्रांतीच्या आधी रविवार पेठेत असा कागद हव्या त्या रंगात मिळतो.

मैत्रिणीच्या जिलेटिन पेपरबद्दल. त्या नावाखाली दोन वस्तू विकल्या जातात. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर आकसतो आणि चालतो, पण त्याला स्वतःचा डिंक नसतो आणि फेविकॉल त्याला धरत नाही. फेविबॉन्डसारखा रबरी डिंक त्याच्याच थिनरनं पातळ करून लाकडाला लाव, पूर्ण वाळू दे, मग वरून इस्त्रीनं गरम करून चिकटव. खरा सेलोफेन असेल तर तो उष्णतेनं आकसत नाही आणि दमट हवेत सैल पडतो. चांदीसारखा चमकणारा मात्र धडावर नको. त्याच्यावर धातूचा थर असतो आणि तो रिसीव्हरच्या अँटेनाला झाकतो. विमान लांब गेल्यावर रेडिओ तुटला तर मढवणी कितीही सुंदर असून उपयोग नाही.

कापडाचा विचार तुझ्या मनात आलेला नाही, तरी सांगून ठेवतो. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारं पॉलिएस्टरचं अस्तर इस्त्रीनं आकसतं. माणसं नेणाऱ्या कापडी विमानांवरही पॉलिएस्टरचंच कापड इस्त्रीनं ताणतात. दोन मीटर पंखाच्या विमानाला मी आनंदानं तेच सुचवेन. तुझ्या विमानाला ते जड होईल, कारण कापडाची छिद्रं बुजवायला वर लॅकरचे हात लागतात. कधी घेतलंस तर चार धागे ताटलीत जाळून बघ. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर, कागदासारखी राख झाली तर सुती.

थर्माकोलची विमानं करणाऱ्यांचीही पत्रं येतात. त्यांना वह्यांना घालतो तो खाकी कागद आणि पाणी घातलेलं फेविकॉल पुरतं. एनसी थिनर किंवा रबरी डिंक थर्माकोलवर घातला तर थर्माकोलच विरघळेल.

रंगाचं राहिलं. लॅमिनेशन फिल्म पारदर्शक असते आणि पारदर्शक विमान हातात देखणं दिसलं तरी शंभर मीटरवर त्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे कळत नाही. नवशिक्या हातांत विमान पडतं ते बऱ्याचदा यामुळेच. फिल्म लावण्याआधी तिच्या डिंकाच्या बाजूवर पतंगी कागदाचे कापलेले तुकडे ठेवून हलकी इस्त्री फिरव, ते पक्के बसतात. फक्त जिथे फिल्म लाकडाला चिकटायची ती जागा, कडा आणि फासळ्या, कागदाशिवाय मोकळी ठेव. पंखाच्या वर केशरी, खाली गडद निळा किंवा काळा, आणि खालच्या पट्ट्या रुंद. पिवळा आणि फिका निळा आभाळात हरवतात.

आता पुन्हा शेपटीकडे. पाऊच कोमट असताना ओढू नकोस, इस्त्रीनं चांगला गरम करून गरम असतानाच हळूहळू सोलून काढ. लाकडावर राहिलेल्या डिंकावर जुनं वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरव, बराचसा कागदात उतरेल. मग लाकूड पाण्यानं ओलसर कर, सपाट फळीवर टाचण्यांनी चहूबाजूंनी बसव आणि दोन दिवस तसंच राहू दे. या हवेत एका रात्रीत ते वाळणार नाही. तरीही वाक राहिला तर नवी शेपूट बांध. त्यातले पाच-सहा तुकडे तू एकदा कापले आहेस, आता दुप्पट वेगानं होतील. पातळ फिल्म लावताना दोन्ही बाजू आधी फक्त कडांना चिकटव, आणि दोन्ही लागल्यावरच आलटून-पालटून ताण.

मढवण्याआधी आणि मढवल्यावर दोन्ही वेळा शेपटीचं वजन वहीत लिही. ते दोन आकडे आणि भंगार चौकटीचा फोटो मला पाठव, मग पंखाला हात घाल.